तिसऱ्या बुडीचा रंग

एका राज्यात एक नदी होती आणि त्या नदीला रंगाचा शाप होता. पण शाप मागाहून. आधी रंग ऐका.

त्या राज्याचा राजा उदयकेतू. त्याची रंगशाळा नदीच्या काठी. चाळीस रांजण, चाळीस चुली, आणि त्या सगळ्यांवर मुखत्यार येसू रंगारीण. बाई उंचीला बेताची, तोंडाने फटकळ, आणि हात कोपरापर्यंत कायमचे रंगलेले. रांजणात बोट बुडवून जिभेला लावलं की कुठे काय कमी आणि कुठे काय जास्त, ते तिला कळत असे.

रंगाऱ्यांची एक जुनी रीत होती. रांजणात पहिली बुडी राजाच्या कापडाची. ते गडद निघायचं. दुसरी बुडी शिपाई-शागिर्दांच्या कापडाची. ते मध्यम निघायचं. आणि तिसरी बुडी गोरगरिबांच्या फडक्यांची: कुणाचं धडुतं, कुणाचा पटका, कुणाच्या बाळाचं बाळुतं. त्या फडक्यांनी उरलासुरला रंग पिऊन टाकला की रांजणाचा तळ दिसायचा. तळ दिसला की मगच पाणी नदीला द्यायचं. तळ दिसल्यावाचून रांजण कलता करायचा नाही, हे रंगाऱ्याचं पोर चालायच्या आधी शिकत असे.

एके दिवशी दरबारात मेचकनाथ नावाचा मांत्रिक आला. त्याच्या मुठीत एक खडा होता, निळा गर्द.

"महाराज, हा नीळखडा," तो म्हणाला. "पाण्यात एकदा फिरवा. जो रंग उतरेल तो उन्हाने उडणार नाही, धुण्याने जाणार नाही. पण अट आहे. या रंगाला अंग लागतं. शेवटच्या थेंबापर्यंत त्याला अंग देत राहा."

राजाने पहिलं नीट ऐकलं. दुसरं चाललं होतं तेव्हा तो खडा उजेडाला धरून बघत होता. आता राजेच ते! त्यांना कोण म्हणणार, महाराज, इकडे लक्ष द्या?

खडा खजिन्यात गेला आणि हुकूम बाहेर आला: "हा रंग राजाचा. दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसला तर रंगवणाऱ्याचे हात तोडू."

झालं. दुसरी बुडी बंद, तिसरी बुडी बंद. पहिल्या दिवशी राजाचा शेला काढला आणि रांजण रंगाने काठोकाठ भरलेलाच राहिला. रंगारी भोवती उभे. सगळ्यांची तोंडं येसूकडे. तिचा नवरा रायाजी हळूच म्हणाला, "अगं, तळ दिसत नाही."

"मला डोळे आहेत," येसू म्हणाली. "पण उद्याला रांजण रिकामा लागेल. हुकूम आहे."

तिने पदर खोचला आणि रांजण नदीत कलता केला. पोटात कुठेतरी टोचलं तिला. पण रोज टोचलं की टोचण्याचीही सवय होते. वर्षभर चाळीस रांजण रोज नदीत गेले.

मग नदी निळी झाली. आधी काठाकाठाने, मग मधून, मग तळापर्यंत. भात शिजवला तर निळा, दूध विरजलं तर दही निळं. ते पाणी जो पिई, त्याच्या पायाच्या नखांतून रंग वर चढू लागे. पाणी सोडलं तरी तो थांबत नसे. गळ्याशी आला की माणसाचा आवाज जाई. कपाळाशी आला की माणूस जवळच्या भिंतीत शिरे आणि भिंतीवरचं चित्र होऊन राही. रंगशाळेच्या भिंतीवर अशी अकरा चित्रं झाली. अकरावं रायाजीचं. हातात काठी, तोंड अर्धवट उघडं. काहीतरी सांगायचं राहून गेलं होतं बिचाऱ्याचं.

राजवैद्याने निवळीच्या बिया उगाळल्या, हंडेच्या हंडे ढवळले. गाळ खाली बसला आणि रंग आणखीच झळकू लागला. वैद्याने हात टेकले. राजवाड्याची विहीर वेगळी होती, पण झरा नदीचाच. राजाचाही गळा निळा झाला, आवाज गेला. आणि त्या दरबाराची रीत अशी की हुकूम फिरवायचा तर राजमुखातून शब्द निघायला हवा. तो निघेना. म्हणून जुना हुकूम होता तसाच राहिला, आणि कोतवाल तो डोळ्यांत तेल घालून पाळत राहिला.

येसूची एकुलती लेक कुसुंबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रंग तिच्या मांड्यांच्या वर चढला होता. येसूने लेकीच्या पोटाखाली बोटं टेकून मोजलं. नऊ बोटं उरली होती. रंग रोज एक बोट चढत होता.

"आई, पोटाला पोचला तर?" कुसुंबीने विचारलं.

येसूने लेकीच्या पायांवर पांघरूण ओढलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पोटातलं बाळ पोटातच चित्र होणार होतं.

"मी रांजण कलता केला," येसू म्हणाली, "तर सरळही मीच करीन. तू पडून राहा. आणि शेजारणीने दिलेलं नारळाचं पाणी सोडून दुसरं काही पिऊ नकोस."

नीळखडा देणारा मेचकनाथ नदीच्या उगमाकडे कुठेतरी राहतो असं ऐकून ती तिकडे निघाली. वाटेत एका फांदीवर खंड्या बसला होता, पाण्याकडे बघून चोच आपटत.

"बाई," खंड्या म्हणाला, "मी सहा महिने उपाशी आहे. पाण्यात मासा आहे, पण मला दिसत नाही. मी निळा, पाणी निळं. परवा मी माझ्याच पडछायेवर झेप घेतली."

"लाज वाटते रे मला," येसू म्हणाली. "ते पाणी माझ्या हातून बिघडलं."

"लाजेने पोट भरत नाही. मेचकनाथाचं घर मला ठाऊक आहे. चल."

खंड्या पुढे, येसू मागे. संध्याकाळच्या आत दोघं उगमाशी पोचली. तिथे मेचकनाथ गुडघ्यांत मान घालून बसला होता. तिला पाहून उठलासुद्धा नाही.

"शाप मागे घ्या, महाराज," येसूने हात जोडले.

"तो शाप नव्हे, बाई, तो रंग आहे. उडणारा असता तर कधीच मागे घेतला असता." मांत्रिकाचे डोळे भरून आले. "मी चांगलीच वस्तू दिली होती. त्याला अंग लागतं म्हणून सांगितलं होतं. अंग मिळालं नाही म्हणून तो माणसांच्या अंगात शिरतो आहे. त्याचं तरी काय चुकलं?"

येसू रंगारीणच ती. ऐकताक्षणी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रंग घालवायचा नव्हताच. त्याला बसायला जागा द्यायची होती.

"एवढ्या मोठ्या नदीला पुरेल एवढं कापड कुठून आणू?"

"कापड नको. ज्याला कुणी विचारत नाही ते आण. जून झाली म्हणून झाडावरच राहिलेल्या शेवग्याच्या शेंगेतलं बी. भात कांडून उरलेला तूस. आणि खोबरं खाऊन उरलेल्या करवंट्यांचा कोळसा. जे रितं असतं, तेच धरून ठेवतं. जा, तिन्ही ठिकाणी राखणदार आहेत."

शेवग्याचं बन जवळच होतं. राखणदार यक्षीण फांदीवर पाय सोडून बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"पहिला रांजण कुणी ओतला?"

येसू म्हणू शकली असती की राजाने. म्हणू शकली असती की हुकमाने. जिभेवर आलंही होतं.

"मी," ती म्हणाली.

यक्षिणीने फांदी हलवली. वाळक्या शेंगा खडखडत खाली पडल्या. ओटी भरली. दोन दिवस गेले होते. सात बोटं उरली.

तुसाचा डोंगर मात्र लांब होता. तीन दिवस चालल्यावर धाड धाड असा आवाज आला. एक राक्षस झाडाएवढं मुसळ घेऊन भात कांडत होता. शेजारी तांदळाची रास आणि मागे तुसाचा डोंगर.

"तांदूळ न्यायला आलीस ना?" तो गरजला. "ने आणि चालती हो. सगळे नेतात."

"तांदूळ नको, दादा. तूस हवा."

राक्षसाच्या हातून मुसळ निसटलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. त्यावर तो एवढा मोठा राक्षस मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

"तीनशे वर्षं कांडतो आहे मी. तूस डोळ्यांत जातो, नाकात जातो. कुणी म्हणून त्याचं नाव काढलं नाही. बस, बाई. बस ना. तुला सगळं सांगतो."

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. कोणत्या साली कोणता भात आला, कुणाचा तूस जाड, कुणाचा बारीक, कोणता पायाला टोचतो. येसूचा जीव टांगणीला लागला होता. बोटं मोजत होती ती पदराआड. पण रडणाऱ्याला मध्येच तोडावं हे तिला जमलं नाही. सूर्य डोक्यावर आला, कलला, बुडाला. तेव्हा कुठे राक्षसाने नाक पुसलं.

"किती हवा?"

"पोतंभर."

"पोतंभर? वेडी आहेस की काय? हातातल्या पोत्याने नदी पुसणार का?" त्याने घोंगडं अंथरलं, अर्धा डोंगर त्यात बांधला, एका खांद्यावर ते गाठोडं टाकलं आणि दुसऱ्या खांद्यावर येसूला बसवलं. "करवंट्यांची भट्टी समुद्राकाठी आहे. मी सोडतो. एक दिवस तुझा मी खाल्ला, तो भरून देतो."

तीन दिवसांची वाट त्याने एका सकाळीत कापली. उरली तीन बोटं.

समुद्राकाठी एक म्हातारी खड्ड्यात करवंट्या रचत होती. तिचे केस धुराचे होते, म्हणजे खरोखरच धूर होता तो, केस नव्हते. तिने करवंट्या पेटवल्या, वर पालापाचोळा टाकला आणि खड्डा मातीने लिंपला.

"बाळे," ती म्हणाली, "आत करवंट्या कुरकुरतील. कुरकुर थांबली की उघड. आधी उघडलंस तर भडकून सगळी राख होईल. मग पुढची भट्टी पुढल्या महिन्यात."

येसू खड्ड्याशी बसली. कर्र, कर्र. दुपार झाली, कर्र. दिवस मावळला, दुसरा उगवला, तरी कर्र. एक बोट गेलं. दुसऱ्याचं पेरही गेलं असेल. बरोबर उडत आलेला खंड्या लिंपलेल्या मातीवर नाचू लागला.

"उघड ना! झालंच असेल. घरी लेक आहे तुझी!"

"ठाऊक आहे मला लेक आहे ते!" येसू ओरडली, आणि तिला रडू फुटलं. हात मातीपर्यंत गेला. मग तिला रांजण आठवला. तळ दिसत नव्हता आणि तिने कलता केला होता. त्या दिवशी घाई राजाला होती. आज तिला होती. एकदा घाईने घात केला होता, तेवढा पुरे. तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. रडत बसली, पण बसली.

दिवस बराच वर आला तेव्हा कुरकुर थांबली. खड्डा उघडला. कोळसा काळाभोर, हलका, आणि एकमेकांवर आपटला की खणखण वाजणारा. म्हातारी म्हणाली, "पोरी, साधलं तुला." राक्षसाने कोळशाची आणखी एक मोट बांधली आणि समुद्राकडे पाठ फिरवली.

रंगशाळेत ती पोचली नवव्या दिवशी सकाळी. कुसुंबीच्या पोटाखाली अर्धं बोट उरलं होतं आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या.

"गाळणं बांधा!" येसूने हाक दिली. रंगारी धावले. एका रांजणात शेवग्याचं बी कुटून नदीच्या पाण्यात ढवळलं. गाळ जड होऊन खाली बसला. वरचं पाणी बुडाला भोक पाडलेल्या दुसऱ्या रांजणात सोडलं. त्यात वर तूस, खाली कुटलेला कोळसा, तळाशी वाळू. सगळे श्वास रोखून खालच्या घागरीकडे बघत होते.

पहिली धार कोळशाने काळी आली. दुसरी मळकी. मग थेंब थेंब पाणी येऊ लागलं, आणि घागरीचा तळ दिसला.

एक म्हातारा रंगारी त्या घागरीपुढे दंडवत घालून चक्क आडवा झाला. राक्षस तुसाची बोचकी नदीच्या धारेत रोवायला पळाला.

येसूने तांब्या भरून लेकीच्या ओठांना लावला. कुसुंबी घटाघटा प्यायली. रंग चढायचा थांबला. पण उतरेना. होता तिथेच बसून राहिला, पोटाला चिकटून.

"आई, बाळ हलत नाही गं," कुसुंबी म्हणाली.

नदीतल्या रंगाला तूस मिळाला, कोळसा मिळाला. अंगातल्या रंगाला काय द्यायचं? कुडी फाडून तूस भरायचा? तिने चहूकडे बघितलं. खाटेशी जुन्या लुगड्याची बाळुती रचून ठेवली होती. मऊ, धुऊन धुऊन विरलेली, पांढरी. तिसऱ्या बुडीची फडकी.

तिला हुकूम आठवला. आपले हातही तिने एकदा बघून घेतले. मग एक बाळुतं निवळलेल्या पाण्यात भिजवलं आणि लेकीच्या पोटावर पसरलं.

"ये बाबा," ती रंगाशी बोलली, जशी रोज रांजणाशी बोलायची. "तुझी जागा द्यायला उशीर केला मी. माफ कर. ये."

रंग आला. पोटावरून फडक्यात उतरला. दुसरं फडकं कमरेला, तिसरं पायांना. नखांतला शेवटचा ठिपका उतरला, आणि कुसुंबीने एक आरोळी दिली, आणि तिच्यामागून दुसरी आरोळी आली, बारीक आणि रागीट. मुलगी झाली होती. येसूने हाताशी आलेल्या बाळुत्यात तिला गुंडाळलं. ते निळं होतं, फिकट, पावसाने धुतलेल्या आभाळासारखं.

नेमका त्याच वेळी कोतवाल दारात. मागे पालखीत राजा. नदी निवळते आहे हे कळून तो बघायला आला होता, आणि कोतवालाला मात्र नदी दिसलीच नाही, बाळुतं दिसलं.

"राजरंग! तान्ह्या पोरीच्या अंगावर! कुणी रंगवलं?"

"मी," येसूने हात पुढे केले. या शब्दाची तिला आता भीती उरली नव्हती. "एक रांजण मी हुकमाने ओतला, एक बाळुतं बिनहुकमाने रंगवलं. पहिल्याने अकरा माणसं भिंतीत गेली. दुसऱ्याने एक बाहेर आलं. हात तोडायचे तर तोडा. पण मला कळू द्या की कशाबद्दल."

कोतवालाने तलवार उपसली. हुकूम होता ना.

राजा पालखीतून उतरला. त्याने तोंड उघडलं. शब्द नाही. त्याने हात वर केला. कोतवाल म्हणाला, "क्षमा, महाराज. शब्द हवा."

रंग राजाच्या हनुवटीच्या वर चढला होता. येसूने त्याच्याकडे बघितलं. इतके दिवस मनात त्याला शिव्या दिल्या होत्या तिने. आता बघितलं तर भेदरलेला, घशात शब्द अडकलेला माणूस. तिला कीव आली. तिने एक ओलं फडकं पुढे केलं.

"महाराज, हे गळ्याला गुंडाळा. पण जाणून गुंडाळा. हे जुन्या लुगड्याचं फडकं आहे."

राजाने खांद्यावरचा गडद शेला काढून भुईवर ठेवला. फडकं घेतलं आणि आपल्या हाताने गळ्याला गुंडाळलं. कोतवालाची पंचाईत झाली. राजरंगाचं फडकं राजाच्याच गळ्यात, आणि ते रंगवलं कुणी? राजाच्याच गळ्याने! आता हात कुणाचे तोडायचे?

फडकं निळं होत गेलं, गळा उजळत गेला. राजा खोकला. कितीतरी दिवसांनी त्याचा पहिला शब्द निघाला, घोगरा, चिरका.

"तिसरी," तो म्हणाला. घसा खाकरला. "तिसरी बुडी सुरू करा. तळ दिसल्यावाचून रांजण हलणार नाही. माझ्या हुकमानेसुद्धा नाही."

तलवार म्यानात गेली. मग बायाबापड्या लुगडी, पटके, पंचे भिजवून भिंतीकडे धावल्या आणि चित्रांवर पसरल्या. एकेक माणूस भिंतीतून बाहेर आलं, अंग झाडत, शिंकत. अकरावा रायाजी. इतके दिवस अर्धवट उघडं राहिलेलं तोंड त्याने पुरं उघडलं.

"अगं, तेच म्हणत होतो मी," तो म्हणाला. "तळ दिसत नाही."

"आता दिसतो," येसू म्हणाली, आणि नात त्याच्या हातात देऊन तिथेच भुईवर बसली आणि पोटभर रडली.

रंग प्यालेला तूस आणि कोळसा कुणी पुन्हा नदीवर टाकला नाही. मातीत कालवून त्याच्या विटा पाडल्या, भाजल्या आणि घाट बांधला. राक्षस त्या घाटावर भात कांडायला येऊन बसतो. त्याला ऐकणारी माणसं मिळाली. खंड्याला पहिल्या दिवशी सात मासे मिळाले आणि अजीर्ण झालं. मेचकनाथाने नीळखडा परत मागितला नाही. अजूनही सणासुदीला रंगशाळेत आधी राजाचा शेला बुडतो, मग शिपायांची कापडं, मग सगळ्या गावाची फडकी. सगळ्यांत शेवटी येसूची नात रांजणावर ओणवी होते, आत बघते, आणि ओरडून सांगते, "दिसला!" तेव्हाच रांजण कलतो.

अशी ही नदीची कहाणी, वस्त्रगाळ करून सांगितली. निवळलं ते पाणी तुमच्या घागरीत, उरला तो तूस माझ्या पदरात.